तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं

नमस्कार श्रोतेहो.

जर्मनीचा लष्करी इतिहास म्हटला की आपल्याला पहिल्यांदा १९४० साल आठवतं. रणगाडे, विमानं आणि सहा आठवड्यांत कोसळलेला फ्रान्स. आज मला तुम्हाला त्याच्याही मागे न्यायचं आहे. दिवस १ ऑगस्ट १९१४, शनिवार. पहिलं महायुद्ध पेटत होतं. जागा बर्लिनचा राजवाडा. संध्याकाळी पाच ते रात्री अकरा, एवढ्या सहा तासांत तिथे जे घडलं, त्यात मला जर्मन युद्धनीतीचा शंभर वर्षांचा इतिहास दिसतो. हा प्रसंग मी मित्रांना, विद्यार्थ्यांना, प्रवासात शेजारी बसलेल्यांनाही सांगत आलो आहे. आज तुम्हाला सांगतो.

पण आधी थोडी पार्श्वभूमी. थोडीच.

१८०६ साली येनाच्या लढाईत नेपोलियननं प्रशियाच्या, म्हणजे पुढे ज्याच्याभोवती जर्मनी एक झाला त्या राज्याच्या, सैन्याचा धुव्वा उडवला. फ्रेडरिक द ग्रेटनं घडवलेलं, युरोपभर दरारा असलेलं सैन्य एका दिवसात उधळलं गेलं. त्या नामुष्कीनंतर शार्नहोर्स्ट, ग्नाइझेनाउ असे काही अधिकारी एकत्र बसले. नेपोलियनसारखा माणूस आपल्याकडे नाही आणि तो मागणी नोंदवून मिळत नाही, हे त्यांनी मान्य केलं. मग उपाय काय? निवडक, अभ्यासू अधिकारी घ्यायचे, त्यांना वर्षानुवर्षं शिकवायचं, आणि प्रत्येक सेनापतीच्या शेजारी असा एक अधिकारी बसवायचा. सेनापती राजघराण्यातला असो, म्हातारा असो, सामान्य बुद्धीचा असो, शेजारचा माणूस तयार हवा. यातूनच पुढे जर्मन जनरल स्टाफ उभा राहिला. याच मंडळींतला एक क्लाउझेविट्झ. युद्ध हे राजकारणाचंच पुढचं पाऊल आहे, असं त्यानं लिहून ठेवलं. राजकारण पुढे, युद्ध त्याच्या मागे. श्रोतेहो, हा क्रम लक्षात ठेवा. राजकारण पुढे, युद्ध मागे. १ ऑगस्टच्या संध्याकाळी हाच क्रम उलटा झालेला तुम्हाला दिसेल.

या जनरल स्टाफचा सगळ्यांत मोठा प्रमुख म्हणजे हेल्मुट फोन मोल्टके. हा थोरला मोल्टके. १८५७ पासून १८८८ पर्यंत, तीस वर्षांहून जास्त काळ तो त्या खुर्चीवर होता. लढाईचा निकाल तोफा डागण्याआधीच, रेल्वे स्टेशनांवर लागायला सुरुवात होते, हे त्यानं ओळखलं. १८६६ साली ऑस्ट्रियाविरुद्ध त्यानं पाच रेल्वेमार्गांनी सैन्य सरहद्दीवर आणलं. ऑस्ट्रियाकडे त्या बाजूला एकच मार्ग होता. तीन वेगवेगळ्या दिशांनी निघालेली सैन्यं ३ जुलैला क्योनिगग्रेट्झच्या रणांगणावर एकत्र आली. १८७० साली फ्रान्सविरुद्धही तेच. तिकडे फ्रान्सचा एक जनरल बेलफोर्टला उतरून पॅरिसला तार करत होता की माझी ब्रिगेड सापडत नाही, माझ्या रेजिमेंट कुठे आहेत ठाऊक नाही, मी काय करू? आणि इकडे प्रशियाच्या गाड्या वेळेवर धावत होत्या. सप्टेंबरच्या २ तारखेला सेदानला फ्रान्सचा सम्राट कैदी झाला.

इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण पुतळे उभारतो ते घोड्यावर बसलेल्या सेनापतींचे. गाड्यांचं वेळापत्रक बसवणाऱ्या, कोळसा, पाणी, इंजिनं यांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा पुतळा मला जगात कुठे दिसलेला नाही. १८७० चं युद्ध जिंकण्यात त्या लोकांचा वाटा कुणापेक्षाही कमी नव्हता. शाळेच्या पुस्तकात त्यांचं एक तरी नाव यावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या मुलांना लढायांच्या तारखा तोंडपाठ असतात. नकाशावर बोट ठेवून हे सैन्य इथून तिथे कसं पोचलं, खाल्लं काय, असं विचारलं तर उत्तर येत नाही. नकाशाशिवाय इतिहास शिकवूच नये, या मताचा मी आहे.

असो. थोरल्या मोल्टकेबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली, शत्रूच्या मुख्य सैन्याशी पहिली गाठ पडेपर्यंतच कोणतीही योजना खात्रीनं टिकते, असं तो सांगायचा. त्यामुळे त्याची योजना सैन्य जागेवर आणण्यापुरती पक्की आणि पुढे मोकळी असे. दुसरी गोष्ट, त्याच्या डोक्यावर प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क होता. क्योनिगग्रेट्झ जिंकल्यावर राजाला आणि सेनापतींना व्हिएन्नावर चालून जायचं होतं. बिस्मार्कनं ते थांबवलं, कारण उद्या ऑस्ट्रिया मित्र म्हणून लागणार होता. पॅरिसच्या वेढ्यात बिस्मार्क आणि मोल्टके यांचं पुन्हा वाजलं, आणि राजानं कौल बिस्मार्कच्या बाजूनं दिला. म्हणजे लढाई कशी जिंकायची ते मोल्टके पाहायचा. कोणती लढाई लढायची, कुठे थांबायचं, ते बिस्मार्क ठरवायचा.

बिस्मार्क १८९० साली पदावरून गेला. १८९१ मध्ये जनरल स्टाफच्या प्रमुखपदी श्लीफेन आला. आता जर्मनीसमोर नवीन पेच होता. फ्रान्स आणि रशिया यांची युती होत होती. युद्ध झालं तर दोन आघाड्यांवर होणार. श्लीफेनचा तोडगा असा, की रशिया अवाढव्य आहे, त्याला सैन्य गोळा करायला वेळ लागेल. तेवढ्या सहा आठवड्यांत बेल्जियममधून वळसा घालून फ्रान्स संपवायचा, आणि मग गाड्यांत बसून पूर्वेला जायचं. बेल्जियम तटस्थ होता, त्या तटस्थतेची हमी प्रशियानं स्वतः १८३९ च्या करारात दिली होती. पण वेळापत्रकाला हा रस्ता हवा होता.

श्लीफेन १९०६ च्या सुरुवातीला निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आला धाकटा मोल्टके. नाव तेच, हेल्मुट फोन मोल्टके. थोरल्याचा सख्खा पुतण्या. चेलो वाजवणारा, चित्रं काढणारा, अध्यात्माची ओढ असलेला, स्वतःच्या कुवतीबद्दल मनात शंका बाळगणारा माणूस. त्याला भित्रा म्हणणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, विल्हेल्म दुसरा याला वार्षिक युद्धसरावात भाग घ्यायची हौस होती, आणि तो ज्या बाजूला असेल ती बाजू जिंकायचीच. यातून कुणी काही शिकत नाही, हे कैसरला तोंडावर सांगणारा अधिकारी हा धाकटा मोल्टकेच होता. याला धैर्य लागतं.

आता चला राजवाड्यात. १ ऑगस्ट १९१४.

दुपारचे पाच वाजलेत. बाहेर रस्त्यांवर माणसांची तोबा गर्दी. आत कैसरनं सैन्य जमवण्याच्या हुकुमावर, म्हणजे मोबिलायझेशनच्या हुकुमावर सही केली. ज्या टेबलावर सही केली ते टेबल नेल्सनच्या व्हिक्टरी या जहाजाच्या लाकडातून केलेलं होतं. इंग्रजांच्या सगळ्यांत लाडक्या जहाजाचं लाकूड! युद्धमंत्री फाल्केनहाइन शेजारी उभा होता. त्याच्या आणि कैसरच्या, दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, असं त्यानंच लिहून ठेवलंय.

हुकूम निघाला म्हणजे काय झालं? हजारो आगगाड्यांचं चक्र फिरायला लागलं. कुठल्या गाडीत कोणती तुकडी, ती कुठे चढणार, कुठे तिला गरम जेवण मिळणार, राइन नदीवरचा कुठला पूल ती किती वाजता ओलांडणार, सगळं आधीच लिहिलेलं. पुढच्या दिवसांत कोलोनच्या पुलावरून सुमारे दर दहा मिनिटांनी एक लष्करी गाडी पश्चिमेला जाणार होती. रात्रंदिवस, पंधरा दिवसांहून अधिक.

सही झाली. मोल्टके गाडीत बसून जनरल स्टाफच्या कचेरीकडे निघाला. वाटेतच निरोप आला, परत या, कैसरनं बोलावलंय.

परत आला तर राजवाड्यात आनंदीआनंद. लंडनहून जर्मन राजदूत लिखनोव्स्की याची तार आली होती. तारेचा अर्थ असा घेतला गेला, की जर्मनीनं फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील, आणि फ्रान्सलाही तटस्थ ठेवण्याची हमी देईल. म्हणजे दोन आघाड्यांचं युद्ध टळलं! वीस वर्षं ज्या पेचापायी जनरल स्टाफची झोप उडाली होती, तो पेचच एका तारेनं सुटत होता. चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बेथमान-हॉलवेग खूश, कैसर खूश. कैसर मोल्टकेला म्हणाला, "मग आता आपण सगळं सैन्य सरळ पूर्वेला नेऊ!"

मोल्टके म्हणाला, "महाराज, ते शक्य नाही."

थोडं थांबून विचार करा, श्रोतेहो. समोर सम्राट आहे, देशाचा सर्वोच्च सेनापती. शेजारी चॅन्सेलर आहे. दोघं सांगताहेत की अर्धं युद्ध टळलं. आणि सैन्यप्रमुख म्हणतो, शक्य नाही. का? लाखो माणसांच्या सैन्याची हालचाल आयत्या वेळी ठरवता येत नाही. ते वर्षभराच्या कष्टाचं काम असतं आणि एकदा ठरलं की बदलता येत नाही. महाराजांनी हट्टच धरला तर पूर्वेला सैन्य जाणार नाही, तर शिधा नसलेल्या, बेशिस्त, हत्यारबंद माणसांचा नुसता जमाव जाईल. हे मोल्टकेचं उत्तर, त्यानं स्वतःच नंतर नोंदवलेलं. लग्नघरातल्या माणसाला हे लगेच कळेल. सकाळी मुहूर्ताच्या दिवशीच कार्यालय बदलायचं म्हटलं, तर वऱ्हाड एकीकडे, आचारी दुसरीकडे आणि भटजी तिसरीकडे.

यावर कैसर जे बोलला, त्या वाक्यासाठी मी ही गोष्ट सांगतो. कैसर म्हणाला, "तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं."

तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं.

मोल्टकेनं पुढे लिहिलं, की हे वाक्य मला खोल लागलं. मी काकांच्या बरोबरीचा आहे असा दावा मी कधीच केला नव्हता. सहासष्ट वर्षांचा माणूस होता हो तो. आयुष्यभर त्या नावाचं ओझं घेऊन वावरलेला. थोरांच्या मुलाला, पुतण्याला, नातवाला त्याच्या वाडवडिलांच्या मापानं मोजायचं, ही सवय फार वाईट आहे. आपल्याकडे गाण्यात, राजकारणात, नाटकात, सगळीकडे ती दिसते. त्या मुलाचं स्वतःचं काही असू शकतं, हे कुणी पाहतच नाही. मला हे नेहमी बोचत आलंय.

तर पुढे. वाद झाला, आवाज चढले. शेवटी तडजोड अशी ठरली, की सैन्य ठरल्याप्रमाणे पश्चिमेला जमेल, आणि मग हवं तर तिथून पूर्वेला नेता येईल. पण आणखी एक अडचण होती. लक्झेंबर्ग. छोटासा तटस्थ देश, पण त्याचे रेल्वेमार्ग योजनेला हवे होते. ट्रीअरला असलेली सोळावी डिव्हिजन त्याच रात्री तिथे घुसणार होती. चॅन्सेलर म्हणाला, आता तिथे पाऊल टाकलं तर ब्रिटनचं आश्वासन हवेत विरेल. कैसरनं मोल्टकेकडे पाहिलंही नाही. थेट आपल्या अधिकाऱ्याला सांगितलं, ट्रीअरला कळवा, सोळाव्या डिव्हिजननं लक्झेंबर्गमध्ये शिरायचं नाही. माझं काळीज फुटतंय की काय असं मला वाटलं, असं मोल्टके लिहितो.

तो कचेरीत परतला. ज्या माणसानं आठ वर्षं ही योजना घोटली, तो खोलीत सुन्न बसून राहिला. पत्नीनं पुढे सांगितलं, की चेहरा लालबुंद झाला होता, झटका आल्यासारखा. थोड्या वेळानं लक्झेंबर्गमधला शिरकाव थांबवण्याचा हुकूम सहीसाठी त्याच्यासमोर आला. मोल्टकेनं टाक टेबलावर फेकला. मी सही करणार नाही, म्हणाला. या हुकुमाचं काय करायचं ते करा.

आणि तिकडे लक्झेंबर्गच्या सरहद्दीवर काय चाललं होतं? उल्फ्लिंगेन नावाचं एक छोटं स्टेशन. फ्रेंचमध्ये त्रॉआ व्हिएर्झ. संध्याकाळी सातच्या सुमाराला जर्मन सैनिकांची एक तुकडी मोटारींतून तिथे पोचली सुद्धा. स्टेशन आणि तारघर ताब्यात घेतलं. अर्ध्या तासानं दुसऱ्या मोटारीतून माणसं आली. चूक झाली, परत चला. ते परत गेले. राजवाड्यात तडजोडीवर वाद चालू असताना, ज्याच्यावर वाद चालू होता ती गोष्ट एकदा होऊन, पुसूनही झाली होती!

रात्री अकरा वाजता मोल्टकेला पुन्हा बोलावणं आलं. कैसर झोपायला गेला होता. अंगावर घाईघाईनं कोट चढवून त्यानं मोल्टकेला शयनगृहातच घेतलं. हातात एक तार दिली. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याची. काहीतरी गैरसमज झालेला दिसतो, असं तारेत होतं. ब्रिटननं तशी काही हमी दिलेली नव्हती. कैसर मोल्टकेला म्हणाला, "आता तुम्हाला हवं ते करा."

बस्स. एवढंच. मोल्टकेनं ट्रीअरला तार केली. २ ऑगस्टला लक्झेंबर्ग जर्मनांच्या ताब्यात गेलं, ४ ऑगस्टला सैन्य बेल्जियममध्ये घुसलं, आणि त्याच रात्री ब्रिटन युद्धात उतरलं. ब्रिटनबरोबर हिंदुस्थानही.

त्या संध्याकाळचा धक्का आपण कधीच पचवू शकलो नाही, आपल्या आत काहीतरी मोडलं ते पुन्हा जुळलं नाही, असं मोल्टकेनं लिहून ठेवलंय. आणि मग सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या मार्न नदीवर ते दिसलं. पहिली आर्मी फोन क्लुकची, दुसरी फोन ब्यूलोची, दोघांच्या मध्ये चाळीसेक किलोमीटरचं खिंडार पडलं. मोल्टके स्वतः मागे लक्झेंबर्गमध्ये. ८ सप्टेंबरला त्यानं हेंच नावाच्या एका लेफ्टनंट कर्नलला मोटारीत बसवून आघाडीवर पाठवलं, निर्णयाचे अधिकार नुसते तोंडी. दुसऱ्या दिवशी माघार सुरू झाली. १४ तारखेला मोल्टकेच्या जागी फाल्केनहाइन आला. सहा आठवड्यांत संपणारं युद्ध चार वर्षं चाललं.

धाकट्या मोल्टकेचा शेवट सांगायला हवा, कारण तो आपल्यापर्यंत येऊन पोचतो. १८ जून १९१६ रोजी बर्लिनमध्ये फील्डमार्शल फोन डेर गोल्ट्झ याच्या स्मृत्यर्थ कार्यक्रम होता. त्या कार्यक्रमातच मोल्टके कोसळला आणि गेला. हा गोल्ट्झ कोण? १८८० च्या दशकात तुर्कस्तानच्या सैन्याला जर्मन पद्धतीनं घडवणारा माणूस. आणि १९१६ साली मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, तुर्कांचा सेनापती. कुत-अल-अमारा इथे त्याच्या सैन्यानं ज्यांना वेढलं होतं, ती होती ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन. पूना म्हणजे आपलं पुणं. तिच्यात १०३ वी, ११० वी, ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत त्यांनी उपासमार काढली. घोडे कापून खायची वेळ आली तेव्हा पुष्कळ हिंदी शिपायांनी कितीतरी दिवस ते मांस तोंडात घातलं नाही. दात हलायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. १९ एप्रिलला गोल्ट्झ बगदादमध्ये टायफसनं वारला आणि दहा दिवसांनी कुत पडलं. सुमारे १३,००० माणसं कैद झाली, आणि वाळवंटातल्या पायपिटीत, छावण्यांत त्यातली हजारो मेली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची ही माणसं. घरी एखादं पदक, एखादं जुनं पत्र असेल तर श्रोतेहो, ते जपा. कुणाला तरी वाचून दाखवा.

आता राहिला एक प्रश्न. मोल्टके म्हणाला, शक्य नाही. खरंच शक्य नव्हतं का?

युद्धानंतर यावर मोठा वाद झाला. जनरल स्टाफच्या रेल्वे विभागातला अधिकारी जनरल फोन श्टाब याला मोल्टकेचं म्हणणं म्हणजे आपल्या खात्याचा अपमान वाटला. १९२५ साली त्यानं तक्ते आणि आकडे मांडून अख्खं पुस्तकच लिहिलं, की आम्हाला सांगितलं असतं तर सातपैकी चार आर्मी आम्ही ऑगस्टच्या मध्यापर्यंत पूर्वेला नेल्या असत्या. आणि खरं म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस मोल्टकेनंच दोन कोअर, म्हणजे आर्मीतले दोन मोठे भाग, पश्चिमेकडून उचलून रेल्वेनं पूर्वेला पाठवल्या. गेल्या की त्या!

तरीही मला मोल्टकेची बाजू समजते. त्या एका रात्री, तासाभरात, त्याच्या हातात दुसरा कागद नव्हता. प्रश्न तो कागद का नव्हता हा आहे. पूर्वेकडे मुख्य सैन्य नेण्याची एक वेगळी योजना जनरल स्टाफ वर्षानुवर्षं तयार ठेवायचा. दरवर्षी ती नवी केली जायची. १९१३ च्या वसंतात ते काम बंद केलं गेलं. युद्ध दोन्हीकडे होणार हे नक्कीच आहे, मग दोन वेळापत्रकं कशाला, असा विचार. तो निर्णय सैनिकांनी सैनिकी सोयीसाठी घेतला, आणि देशासमोर पर्याय किती ठेवायचे हे त्यांनीच ठरवून टाकलं. बिस्मार्कच्या वेळी हे चाललं नसतं. क्लाउझेविट्झचा क्रम मी सुरुवातीला सांगितला होता: राजकारण पुढे, युद्ध मागे. तो क्रम १ ऑगस्टच्या संध्याकाळी उलटा झाला असं पुस्तकांत लिहितात. माझ्या मते तो सव्वा वर्ष आधीच उलटा झाला होता, बर्लिनच्या एका कचेरीत, कुठलाही आवाज न चढता. कैसरला ते १ ऑगस्टला कळलं, एवढंच. आणि काकांनी वेगळं उत्तर दिलं असतं, हे त्याचं म्हणणं खरं होतं. काकांनी दुसरं वेळापत्रक कपाटात ठेवलं असतं.

नमस्कार.